सनदेतला वंश आणि पेशीतला वंश

मुंबईहून लोहमार्गाने उत्तरेकडे जाऊ लागले, की सुरत येण्याच्या थोडे अगोदर सचिन नावाचे स्थानक लागते. आज त्या नावासरशी डोळ्यांपुढे येते ती औद्योगिक वसाहत, तेथील कापडाचे व रसायनांचे कारखाने आणि पोटापाण्यासाठी दूरदूरहून आलेली माणसे. सुरतेच्या परिसरात स्थायिक झालेल्या या माणसांत खानदेशातले मराठी भाषिकही पुष्कळ आहेत. परंतु १९४८ सालापर्यंत सचिन हे एक छोटेसे संस्थान होते. त्याची प्रजा बहुतांश गुजराती असली, तरी गादीवर बसणारे नबाब सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी घराण्यातले होते.

या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध अगदी निकटचा आहे. शिवछत्रपतींना आणि संभाजी महाराजांनाही जो जिंकता आला नाही, त्या मुरुडजवळच्या जंजिऱ्याच्या सिद्दींचीच ही एक शाखा. अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीविषयी तंटा उत्पन्न झाला. तेव्हा सिद्दी अब्दुल करीम खान ऊर्फ बाळूमियां याने १७९१ साली जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती जंजिरा अखेरपर्यंत आला नाही. सचिनचे संस्थान मात्र उदयास आले.

राजघराण्याची गोष्ट अशी तह, सनदा आणि दप्तरे यांतून सांगता येते. परंतु पश्चिम भारतातले सारे सिद्दी काही नबाब नव्हते. भडोच जिल्ह्यात रतनपूरला बाबा गोर यांच्या दर्ग्याभोवती, सौराष्ट्रात गीरच्या जंगलाकडेला जांबूर गावी, कर्नाटकात यल्लापूर-हळियाळच्या रानात जे सिद्दी राहतात, त्यांच्या पूर्वजांना कोणी सनद दिली नाही. त्यांच्यापैकी अनेकांना गुलाम म्हणून जहाजांतून आणले गेले आणि व्यापाऱ्यांच्या वहीत त्यांची नोंद झालीच असेल तर ती केवळ नगांच्या संख्येने. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘हबशी’ म्हटले गेले. हबश म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया. पण हे नाव ज्यांना चिकटले ते सारे खरोखरच तेथले होते काय? कागद जेथे मुके होतात, तेथे या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे?

श्रोतेहो, ते उत्तर शोधण्याची एक नवी रीत गेल्या काही दशकांत सिद्ध झाली आहे. ती आहे माणसांचे जनुकसंच, ज्यांना जीनोम म्हणतात, ते संगणकाच्या साहाय्याने ताडून पाहण्याची. रीत नवी असली, तरी तिच्यामागचा विचार मराठी वाचकाला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामी उभ्या-आडव्या रेघांनी चौकटी आखलेले मोठे कागद वापरीत. सर्वांत वरच्या ओळीत श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहावयाचा आणि त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ राखून, जेथे पाठ निराळा असेल तेथे तो त्या अक्षराच्या बरोबर खाली नोंदवावयाचा, अशी पद्धत विष्णु सीताराम सुकथणकर यांनी वर्णिली आहे. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणी सापडली, तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असाव्यात, हे अनुमान करता येते. अशा अनेक अनुमानांतून पोथ्यांची वंशावळ उभी राहते.

आपल्या प्रत्येक पेशीत अशीच एक पोथी आहे. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची, पण लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरांची. पिढी बदलताना तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. कोणतीही दोन माणसे घेतली, तरी हजार अक्षरांमागे सरासरीने एकाच्या आसपास फरक आढळतो. बाकी सारा मजकूर एकच. हीच तुलना माणूस व चिंपांझी यांच्यात केली, तेव्हा २००५ साली असे दिसून आले, की जो मजकूर समोरासमोर मांडता येतो त्यात एकेका अक्षराचा फरक केवळ सव्वा टक्का आहे. थोरल्या उत्क्रांतीचा वृक्ष आणि एखाद्या गावाची वंशकथा या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीने वाचता येतात त्या यामुळे.

मग संगणक कशासाठी? पोथीत एखादे अक्षर गळते, एखादे अधिक पडते आणि पुढच्या साऱ्या ओळी सरकतात. कोणते अक्षर कोणाच्या खाली मांडावे हे ठरविणे, हेच खरे अवघड काम. शंभर-शंभर अक्षरांच्या दोन ओळी परस्परांखाली मांडण्याचे जितके प्रकार संभवतात, त्यांची संख्या पन्नासाहून अधिक अंकांची भरते. ते एकेक करून तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही. १९७० साली नीडलमन आणि वुंश या दोन शास्त्रज्ञांनी यातून एक वाट काढली. एक ओळ आडवी, दुसरी उभी मांडून चौकटींचा तक्ता करावयाचा आणि प्रत्येक चौकटीत शेजारच्या तीन चौकटींवरून तोपर्यंतची सर्वांत चांगली जुळणी किती, एवढेच लिहीत जावयाचे. दहा हजार चौकटी भरल्या, की उत्तर हाती येते. पुढे याच विचाराचे अधिक वेगवान प्रकार निघाले आणि कोट्यवधी अक्षरांची जुळणी साध्य झाली.

माणसामाणसांची तुलना करताना तर आणखी एक सोय होते. सर्वसाधारण पाठ एकदा निश्चित झाला, की प्रत्येकाची संपूर्ण पोथी वाचावी लागत नाही. जेथे माणसांमाणसांत पाठभेद असतो, अशा निवडक जागा तपासल्या तरी चालते. या जागांना आपण खुणा म्हणू. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक खुणेचा एक स्तंभ, असा प्रचंड तक्ता तयार होतो. त्यातून संगणक अशा दिशा हुडकून काढतो, की ज्या दिशांनी माणसांतले भेद सर्वांत अधिक पसरलेले दिसतात. मग नकाशावर गावे मांडावी तशी माणसे कागदावर मांडता येतात. दोन दूरच्या समाजांच्या संकरातून आलेली माणसे बहुधा त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर, मधल्या पट्ट्यात येतात. दुसरी एक पद्धत प्रत्येक माणसाचा वारसा किती मूळ गटांतून आणि कोणत्या प्रमाणात आला असावा, याचा अंदाज करते.

२०११ साली अमेरिकेतील मानवी आनुवंशिकीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाच्या एकाच अंकात भारतातील आफ्रिकी वंशाच्या लोकांविषयी दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. एक हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी लाखो खुणा तपासल्या आणि सिद्दींचा वारसा आफ्रिकी व भारतीय असा मिश्र असून त्यात कदाचित थोडा युरोपीय, म्हणजे पोर्तुगीज अंशही असावा, असा निष्कर्ष काढला. बापाकडून मुलाकडेच जाणारे वाय गुणसूत्र आणि केवळ आईकडून येणारा पेशीतला अंश हेही त्यांनी तपासले. या दोन्ही वाटा बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी लोकांपर्यंत जाऊन पोहोचल्या. दुसरा अभ्यास दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतील संशोधकांचा. त्यांनी पश्चिम भारतातील अशाच एका समाजाच्या १८,५३४ खुणा पाहिल्या आणि त्याच्या वारशातील आफ्रिकी वाटा सरासरीने ५८.७ टक्के काढला. त्यांनाही बांटूभाषकांशीच नाते दिसले.

बांटू भाषांचा प्रदेश मध्य, पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पसरलेला आहे. अबिसीनिया त्यात येत नाही. तेव्हा आपण ज्यांना हबशी म्हणत आलो, त्यांपैकी या अभ्यासात आलेल्या सामान्य सिद्दींना ते नाव लागू पडत नाही. शतकानुशतके चालत आलेल्या एका शब्दाची ही दुरुस्ती होय.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे कालगणना. पत्त्यांचा जोड घ्या. सारी लाल पाने वर आणि सारी काळी खाली ठेवा, मग पिसू लागा. पहिल्या पिसण्यानंतर एका रंगाचे मोठे गठ्ठे दिसतील. जसजसे पिसावे तसतसे ते लहान होत जातील. गठ्ठ्यांच्या लांबीवरून पत्ते किती वेळा पिसले गेले, याचा अंदाज करता येतो. आईबापांच्या गुणसूत्रांची अदलाबदल प्रत्येक पिढीत अशीच होते आणि आफ्रिकी वारशाचे सलग तुकडे आखूड होत जातात. त्यांच्या लांबीवरून हैदराबादच्या अभ्यासाने हा संकर गेल्या आठ पिढ्यांत, म्हणजे सुमारे २०० वर्षांमागे झाला असावा, असे गणित मांडले. सचिनची सनद जवळजवळ त्याच काळातली आहे. परंतु हा योगायोग मानावा, कारण अभ्यासाचा विषय नबाबांचे घराणे हा नव्हता. शिवाय संकर एकदाच न होता पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला असेल, तर गणित साहजिकच अलीकडच्या काळाकडे झुकते. आठ हा आकडा शिलालेखावरची मिती नव्हे.

अशीच सावधगिरी टक्केवारीविषयीही बाळगली पाहिजे. मूळ गट किती मानावे हे संशोधक ठरवितो. तुलनेसाठी कोणाचे नमुने हाती होते, यावर उत्तर अवलंबून असते. मिश्र पोथी एकाच वंशवृक्षावर बसविता येत नाही हे संपादकाला ठाऊक असते; मिश्र समाजाचेही तसेच आहे. खरे पाहता सारेच मानवसमाज कमीअधिक मिश्र आहेत.

ही सावधगिरी केवळ पंडिती नाही. गुजरातेत अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचा समावेश आहे, पण तो सौराष्ट्रातील ठरावीक जिल्ह्यांपुरता. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दींना ही मान्यता २००३ साली मिळाली. म्हणजे शिष्यवृत्ती, नोकरी, जमीन या गोष्टी कोण कोणत्या जिल्ह्यात राहतो यावर अवलंबून आहेत. अशा वेळी उद्या कोणी म्हणेल, की रक्ताचा थेंब घ्या, टक्का काढा आणि दाखला द्या. या मोहाला बळी पडणे घातक ठरेल. संशोधनाने समाजाची सरासरी सांगितली आहे. एखाद्या माणसाचे सिद्दीपण त्याच्या घरातून, नात्यागोत्यातून, धमालाच्या ठेक्यातून आणि त्याच्या वाट्याला आलेल्या वागणुकीतून घडलेले असते. ते मोजणारे गणित अस्तित्वात नाही आणि हक्कांचा निवाडा समाजाची स्थिती पाहूनच करावयाचा असतो.

तरीही या शास्त्राचे ऋण मोठे आहे. सनदा बलवानांच्याच पदरी पडतात. जहाजाच्या तळाशी कोंडलेल्या माणसाला आपले गाव कागदावर लिहून ठेवता आले नाही. ते त्याच्या लेकरांच्या पेशीपेशीत मात्र लिहिले गेले, आणि दोनशे-तीनशे वर्षांनी का होईना, ते वाचणारे कोणी भेटले. वाचताना आपण त्यात आपले पूर्वग्रह घुसडू नयेत, एवढीच काय ती जबाबदारी आपल्यावर राहते.