गप्प मूल आणि शाळेची चाळणी

पैनगंगेच्या आदिलाबादकडील तीरावर, जैनथ-बेला या भागांत, कित्येक घरांची भाषा आजही मराठी आहे; आणि किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबादच्याच दप्तरी नोंदलेले होते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही. परंतु अशा घरातले, किंवा गोंडी-कोलामी बोलणारे, मूल तेलुगू माध्यमाच्या वर्गात बसून महिनोन्महिने गप्प राहिले, की ते मंद किंवा मनोविकृत असल्याचा निवाडा होण्यास विलंब लागत नाही. विद्यार्थ्यांच्या भावनिक व वर्तनविषयक तपासणीबाबतच्या समजांपैकी हाच मला सर्वांत घातक वाटतो. कारण न कळलेल्या प्रश्नापुढील मौन हे रोगाचे लक्षण नसते. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादमधील मार्लवाई येथे गोंड मुलांचे शिक्षण गोंडीतून, देवनागरी लिपीत, सुरू केले होते; तपासणीचा प्रश्नही त्याच न्यायाने घरच्या भाषेत विचारला गेला पाहिजे.

ही प्राथमिक चाळणी-तपासणी म्हणजेच निदान, हा दुसरा समज. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुलांच्या भावना व वर्तन यांविषयीच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत अवघी पंचवीस विधाने आहेत, आणि पालक व शिक्षक यांच्या उत्तरांतून निघणारा गुणांक एवढेच सांगतो, की या मुलाकडे तज्ज्ञाने निवांत पाहावे. कोणता विकार आहे, किंबहुना आहे की नाही, याचा निर्णय त्या कागदावर होत नाही.

शिवाय ‘अवधान नाही’ म्हणून हिणवलेल्या मुलास कधी फळाच दिसत नसतो, कधी वाहत्या कानामुळे ऐकू येत नसते. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके विकासातील विलंबाबरोबर दृष्टी व श्रवणही तपासतात, ते याचसाठी.

तपासणीने मुलाच्या दाखल्यावर कायमचा शेरा बसेल, ही पालकांची धास्ती मला समजते. मात्र मानसिक उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाच्या २३व्या कलमाने दिलेला आहे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरतो, ही समजूतही संशोधनाने खरी ठरलेली नाही.

तेव्हा गुरुजी, शेवटच्या बाकावरील त्या मुलाची तपासणीसाठी शिफारस लिहिण्यापूर्वी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी जवळ बसवा. आणि काळजी उरलीच, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य दूरध्वनी-सेवेचा निःशुल्क क्रमांक मराठीतही ऐकून घेतो.