तेलाचा ताप

खंबाटकीचा चढ, पुढे भरलेला ट्रक, डोक्यावर दुपारचं ऊन. दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या मोटरसायकलवरचा माणूस पायाला लागणाऱ्या धगीवरून इंजिनाची तब्येत जोखत असतो. घरातलं मोठं माणूस कपाळाला हात लावून ताप ओळखतं, तसंच हे. पण इंजिनातल्या तेलाचा ताप असा हाताला कळत नाही. तो कळावा म्हणून अंगठ्याच्या पेराएवढा एक सेन्सर पुरतो.

तेलावर थंड होणाऱ्या इंजिनात हा सेन्सर विशेष मोलाचा, कारण तिथे तेल दुहेरी काम करतं: वंगणाचं आणि उष्णता वाहून नेण्याचं. सुझुकीने १९८५ साली ‘जीएसएक्स-आर ७५०’ आणली, तेव्हा एत्सुओ योकोउची यांच्या चमूने पिस्टनच्या तळावर आणि ज्वलनकक्षाच्या माथ्यावर तेलाचे झोत सोडले. पाण्याचा संसार टळला आणि गाडीचं कोरडं वजन कंपनीच्या आकड्यानुसार १७६ किलोवर आलं. आपल्याकडे पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली आणलेल्या ‘पल्सर २२०’ला पुढे छोटा ऑइल कूलर दिला. या कूलरला पंखा नाही, समोरून येणारा वारा हाच त्याचा पंखा. गाडी सिग्नलला थांबली किंवा घाटात रांगू लागली की वारा थांबतो आणि तेल तापत जातं.

मोटरसायकलवर बसवायचा सेन्सर बहुधा थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि मीटर त्यावरून अंश दाखवतो. म्हणून सेन्सर आणि मीटर जोडीनेच घ्यावेत. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला जोडला, तर आकडा दिसेल, पण खोटा.

आता जागा. ड्रेन बोल्टच्या जागी बसवलेला सेन्सर तळात साठलेल्या तेलाचं तापमान सांगतो. कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या बोल्टमधला सेन्सर कूलरमध्ये शिरणाऱ्या गरम तेलाचं सांगतो, परतीच्या पाइपवरचा निवालेल्या तेलाचं. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर तर तेल मोजतच नाही. तो हेडचं तापमान दाखवतो आणि तिथला आकडा तेलापेक्षा कितीतरी चढा असतो. त्यामुळे जागा सांगितल्याशिवाय दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहू नयेत.

बसवण्याआधी सेन्सरची परीक्षा घ्यावी. बर्फाच्या पाण्यात मीटरने शून्याजवळ यावं. उकळत्या पाण्यात मुंबईला १०० अंश दाखवावेत, पुण्याला साधारण ९८, महाबळेश्वरला ९५ च्या आसपास. उंचीवर पाणी लवकर उकळतं, हे विसरलं तर चांगला सेन्सर सदोष ठरतो.

बसवण्याची योग्य वेळ म्हणजे ऑइल बदलाची. आटे तंतोतंत जुळणारेच हवेत. इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं, त्यात पाना जोराने फिरवला की आटे गेलेच. वॉशर नवा घालावा, टॉर्क रेंच वापरावा. एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग इंजिनाच्या अंगातूनच होतं, म्हणून आट्यांवर टेप गुंडाळू नये. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल एवढी ढील ठेवावी. मीटरचा पुरवठा फ्यूज लावून इग्निशन स्विचमधून घ्यावा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तळाचा सेन्सर दगड आणि स्पीडब्रेकरच्या मारात येतो, त्याला आडोसा हवा. शेवटी पाच मिनिटं इंजिन चालवून गळती पाहावी, आणि इंजिन बंद करून तेलाची पातळी.

तळाच्या तेलाला ९० ते ११० अंश मानवतात. त्याखालीच सतत राहिलं, म्हणजे रोजची दोन-दोन किलोमीटरची फेरी असेल, तर तेलात शिरलेला ओलावा उडून जात नाही. १३० च्या वर गेलं की तेल भराभर जुनं होतं. तापमान दर १० अंशांनी चढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जुना ठोकताळा आहे.

पण सगळ्यात कामाचा आकडा पुस्तकात सापडत नाही, तो तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा असतो. पहिला महिनाभर शहर, महामार्ग आणि घाट यांची वेगवेगळी नोंद ठेवा. पुढे कधी त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात काटा १५ अंश वर दिसला, तर गाडी सावलीला घ्या, निवू द्या आणि आधी तेलाची पातळी तपासा.