जुने टपाल आणि नवी अक्षरे

१९८६ साली आरंभ झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक संगणकजालाच्या पहिल्या आठ सहभागी संस्थांत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती. तेथील एखाद्या संशोधकाने मुंबईच्या सहकाऱ्याला या जालावरून मराठीत किंवा कन्नडात पत्र धाडायचे म्हटले असते, तर ते सुखरूप पोहोचण्याची शाश्वती नव्हती. इंटरनेटवरील टपालाच्या १९८२ च्या नियमांनुसार प्रत्येक अक्षराला सात बिट, म्हणजे एकंदर १२८ संकेत, एवढीच जागा होती. रोमन लिपी, अंक आणि विरामचिन्हे यांतच ती संपे. भारतीय लिपींसाठी १९९१ साली प्रमाण ठरलेली ‘इस्की’ पद्धती आठ बिटांची होती. वाटेतील एखाद्या यंत्राने आठवा बिट छाटला, की देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत.

सगळी यंत्रे एकदम बदलणे अशक्यच होते. ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती. १९९२ साली बोरेनस्टीन व फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ या प्रमाणकाने जुन्या नियमांना धक्का न लावता वाट काढली. तीन बाइटांचे चोवीस बिट सहा-सहांच्या चार गटांत विभागावेत आणि प्रत्येक गटासाठी एक निरुपद्रवी रोमन चिन्ह लिहावे, ही त्यातील एक युक्ती. आजच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत ‘नमस्कार’ या शब्दाची, हलन्त व काना निराळे मोजून, ७ चिन्हे होतात. त्यांचे २१ बाइट आणि प्रवासातील रोमन चिन्हे २८. भार एक तृतीयांशाने वाढतो खरा, पण जुन्या यंत्राला आपण मराठी वाहून नेत आहोत याचा पत्ताही लागत नाही!

१९९३ मध्ये यंत्रांच्या परस्पर अभिवादनाचीही नवी रीत ठरली. समोरच्या यंत्राला नवे अभिवादन उमगले नाही, तर पाठवणाऱ्याने निमूटपणे जुने उच्चारावे.

पत्त्याचे मात्र तसे नाही. मजकूर वेष्टनात झाकता येतो. पत्ता वाटेतील प्रत्येक यंत्राला वाचावाच लागतो. देवनागरी पत्त्यासोबत पर्यायी रोमन पत्ता द्यावा व गरज पडेल तेथे वाटेतच अदलाबदल करावी, अशी योजना २००८ मध्ये प्रयोगादाखल पुढे आली. २०१२ च्या प्रमाणकाने ती वगळली. पुढच्या यंत्राला असा पत्ता कळत नसेल, तर पत्र तसेच परत पाठवावे. निर्णय कठोर वाटतो, तरी तोच रास्त म्हटला पाहिजे. वाटेत नाव बदललेल्या माणसाला उत्तर धाडायचे कोणत्या पत्त्यावर? मात्र याची किंमत आपल्या लिपीत पत्ता घेणाऱ्यालाच मोजावी लागते. सर्व ठिकाणची पत्रे निश्चित मिळावीत असे वाटत असेल, तर त्याला रोमन पत्ताही जवळ बाळगावा लागतो.