उलाळ गाडी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या चाकांवर लेख लिहावा, हे पाहून आमचे मराठीचे सर भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो गेल्या उन्हाळ्यात आमच्या कसबा बावड्यातील घराच्या दारात येऊन उभा राहिला, आणि घरातल्या सर्वांनाच त्याने महिनाभर झोपू दिले नाही.

झाले असे की, काका निवृत्त झाले. त्यांनी मिळालेल्या पैशातून सतरा आसनांची एक जुनी प्रवासी गाडी घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चालत्या घराचे वेड त्यांच्या डोक्यात होतेच. पण खरे कारण आजी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला फार वेळ बसवत नाही, आणि मरण्यापूर्वी एकदा माहेरी, वैभववाडीकडे जाऊन यायचे हा तिचा ध्यास. काकांनी आसने काढून आडवे होण्यासाठी पलंग बसवला, कपाटे केली, शेगडी ठेवली, आर. टी. ओ. कडे रीतसर नोंद केली. दीडशे लिटर पाण्याची टाकी अगदी मागच्या दाराशी बसवली. वजन वाढणार म्हणून एका गॅरेजात मागच्या कमानपाट्यांत दोन-दोन पाटे जादा घालून घेतले. चाकांचे अलाइनमेंट तर गाडी रिकामी असतानाच करून झाले होते. तेव्हा त्या बाजूने निर्धास्त!

पहिल्याच प्रवासात आम्ही कळ्यापर्यंत पोचलो आणि परत फिरलो. समोरून उसाचा ट्रक गेला की गाडी आधी त्याच्या बाजूला ओढली जाई, मग झटक्याने दुसरीकडे. काका सारखे स्टिअरिंग डावी-उजवीकडे करीत होते, तरी गाडी दारू प्यायल्यासारखी डुलत होती. काकांचे खांदे भरून आले आणि आजीने पलंगाची कड सोडली नाही. घरी आल्यावर काका म्हणाले, ‘‘विकून टाकतो.’’ त्यावर आजी जे बोलली ते मी विसरणार नाही.

‘‘गाडी उलाळ हाय रं तुजी. म्हागं वझं, फुडं रितं. बैलाचं पाय भुईला टेकत न्हाईत, मग ती ऐकंल कशी?’’

आजीचा उभा जन्म आमच्या आजोबांबरोबर बावड्याच्या साखर कारखान्यावर ऊस ओतण्यात गेला. गाडीत ऊस मागे जास्त पडला की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, आणि गाडी उलाळ होते, हे गाडीवानाच्या पोराला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या पुढच्या चाकांचेही तेच. वळवण्याचे काम त्यांचे. त्यांच्यावर पुरेसा भार नसेल तर ती रस्ता धरणार कशी? हिशेब सोपा आहे. मागच्या आसापासून एक मीटर मागे दीडशे किलो पाणी ठेवले आणि दोन आसांमधले अंतर सव्वातीन मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे सेहेचाळीस किलो भार उचलला जातो. काकांनी नुसती पुढची चाके वजनकाट्यावर चढवून पाहिली. मग टाकी पलंगाखाली, मागच्या आसाच्या पुढे सव्वा मीटरवर घेतली आणि पुन्हा वजन केले. शंभर किलोंचा फरक! काकांनी त्या रात्री प्रथमच पोटभर जेवण केले.

पण गाडी अजून पूर्ण सुधारली नव्हती. मग उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी गाडीखाली जाण्याआधी आम्हाला टाकी भरून, सारे सामान ठेवून आणि काकांना चालकाच्या जागी बसवून गाडी आणायला लावली. ‘‘मालक, नवरीचं माप साडी नेसल्यावर घ्यायचं असतंय,’’ हे त्यांचे पहिले वाक्य. पुढचे सारे ज्ञान त्यांचेच आहे. मी फक्त वही घेऊन उभा होतो.

त्यांनी आधी हवेचा दाब पाहिला, मग चाके जॅकवर उचलून हलवून पाहिली. टायरॉडच्या एका टोकाचा जॉइंट झिजलेला निघाला. ‘‘हा असा ढिला असताना कितीबी मशिनवर लावा, रस्त्यावर गेल्यावर चाकं आपल्या मनानंच फाकणार.’’ टायरॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा. दोन्ही चाके वळताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे, ही युक्ती म्युनिकचा गाड्या बनविणारा लँकेन्स्पर्गर याने १८१७ साली काढली आणि लंडनमध्ये १८१८ साली अॅकरमनने तिचे पेटंट घेतले. घोडागाडीसाठी काढलेली युक्ती अजून आपल्याला पोसते आहे.

आता कोन. पहिला कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो. त्याची रेघ खाली जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकते त्या जागेच्या पुढे पडते. म्हणून चाक मागे ओढले जाते आणि सरळ राहू पाहते. सायकल हात सोडून चालवता येते यात याचा मोठा वाटा आहे. आता सायकलचे मागचे चाक वर उचलून धरा, चिमटा उभा होतो. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते! जादा पाट्यांमुळे सामान भरूनही मागचे बूड दोन इंच वर राहिले, आणि सव्वातीन मीटरांत दोन इंच म्हणजे जवळजवळ एक अंश कॅस्टर गेला. मिस्त्रींनी पुढच्या पाट्या आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून तो परत आणला. एका पाचरेसाठी महिनाभर तोंड सुकवून बसलो होतो, हे कळल्यावर काका स्वतःवरच चिडले.

दुसरा कोन टो. दोन्ही चाकांचे पुढचे टोक आत झुकले की टो-इन, बाहेर झुकले की टो-आउट. मिस्त्रींनी टायरच्या मधोमध खडूने खूण केली, पुढून अंतर मापले, गाडी अर्धा फेरा ढकलली आणि मागून तीच खूण मापली. ढिल्या जॉइंटसकट चाके फाकवली तेव्हा पुढचे अंतर ८ मि. मी. अधिक. माझ्या कलाशाखेच्या डोक्याला ते क्षुल्लक वाटले. मग रात्री मी गणित मांडले. प्रत्येक चाक ७०० मि. मी. मागे ४ मि. मी. तिरके, म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच मीटरांहून अधिक आडवे घासणार. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. तेवढ्यात तीनशे मीटर टायर रस्त्यावर आडवा फरफटणार! टायरच्या कडांना करवतीसारखे दात का आले होते, त्याचे उत्तर मिळाले.

नवा जॉइंट घालून त्यांनी टो-इन २ मि. मी. ठेवले. धावताना रस्ता चाकांना मागे रेटतो, तेव्हा ती किंचित फाकतात आणि जवळजवळ सरळ होतात, म्हणून थोडी आधीच आत. हे काम सर्वांत शेवटी, कारण कॅस्टर बदलला की टो हलतो. तिसरा कोन कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल. आमच्या गाडीला पुढे एकसंध आस असल्याने तो बदलण्याची सोय नव्हती, आणि तो ठीकच होता. संगणकाचे मशिन वाईट आहे असे मिस्त्रींचे म्हणणे नाही. त्यांच्या पुतण्याकडे तेही आहे. त्यावर रिकामी गाडी चढवू नये एवढेच.

दोन गोष्टी उरल्या. गाडी अजून किंचित डावीकडे ओढते. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, डावीकडून चालायचे म्हणजे तेवढे व्हायचेच, असे मिस्त्री म्हणतात. काकांना ते पटत नाही आणि दर रविवारी ते पुन्हा एकदा टेप लावून बघतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आत, आम्ही पहाटे निघालो. कळे मागे पडले तेव्हा काका एका हाताने स्टिअरिंग धरून होते. घाट उतरून वैभववाडीत थांबलो, तेव्हा आजीला हलवून उठवावे लागले. ‘‘आलं व्हय?’’ तिने विचारले, आणि आधी खिडकीबाहेर पाहिले, मग मागे वळून पाण्याची टाकी कुठे आहे ते.