फटफटीचा आवाज आणि इंजिनाचा श्वास

मराठी माणसाने मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. त्यामुळे आवाज मोठा असला म्हणजे जोरही मोठा असणार, अशी समजूत सहज होते. लांबच्या आरामशीर प्रवासासाठी बनविलेल्या ‘क्रूझर’ जातीच्या गाडीचा मालक मूळचा सायलेन्सर काढून दुसरा बसवावयास निघतो, तो पुष्कळदा याच समजुतीने. पैसे खर्चण्यापूर्वी ती कितपत खरी आहे, हे पाहणे इष्ट ठरेल.

इंजिनाचे कार्य श्वासोच्छ्वासासारखे आहे. हवा व पेट्रोल आत घ्यावयाचे, दाबावयाचे, पेटवावयाचे आणि जळका वायू बाहेर टाकावयाचा. हा वायू नळीतून धक्क्याधक्क्याने जातो. एक धक्का पुढे गेला की त्याच्यामागे दाब उतरतो आणि सिलिंडरातील उरलेला वायू ओढला जातो. नळी प्रमाणाबाहेर रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो व ही ओढ क्षीण होते. क्रूझरला तर कमी फेऱ्यांवरचा जोरच हवा असतो. २०२० साली बाजारात आलेल्या रॉयल एनफील्ड मीटिओर ३५० या गाडीची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती आहे. पण तिचा सर्वाधिक पीळ मिनिटास ४,००० फेऱ्यांवरच मिळतो. अशा गाडीला शर्यतीचे मोकळे नळकांडे लावल्यास आवाज वाढेल, परंतु घाट चढताना जोर कमी पडण्याचाच संभव अधिक.

हवेच्या वाटेचेही तसेच आहे. तेल लावलेल्या सुती कापडाचा एअर फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो. मात्र उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली, म्हणजेच विरळ हवा ओढतो. फिल्टर निकृष्ट असल्यास रस्त्याची धूळ आत शिरून सिलिंडर व पिस्टन झिजवते.

एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर इंजिन अधिक तापते. मूठ सोडताच नळीतून फटाके वाजू लागतात. पूर्वी कार्ब्युरेटरचा जेट बदलून हे प्रमाण जुळवीत. आता इंधन किती सोडावे हे विद्युत्‌नियंत्रक ठरवितो. म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या करणाऱ्याने त्या नियंत्रकाची नवी जुळणी करून घेण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

कायद्याचा भाग याहून महत्त्वाचा. १७५ घनसेंटिमीटरवरील मोटारसायकलींच्या आवाजाला भारतात ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलचे गणित फसवे असते: ९० डेसिबल म्हणजे ८० च्या दसपट ध्वनिशक्ती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आवाजाच्या व धुराच्या अशा अपराधास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवान्यावर गंडांतर, अशी तरतूद आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम जुना फिल्टर, प्लग, साखळी व टायरमधील हवा तपासावी. हरवलेला जोर पुष्कळदा तेथेच सापडतो. त्यानंतरही बदल हवाच असेल, तर कन्व्हर्टरला धक्का न लावणारा, आवाजाच्या मर्यादेतील, त्याच गाडीसाठी बनविलेला सायलेन्सर निवडावा आणि हमीपत्रातील अटी आधी वाचाव्यात. बदलापूर्वी व बदलानंतर त्याच घाटात, तेवढेच ओझे घेऊन गाडी चालवून पाहावी.

रात्री दहा वाजता गल्लीतून जाणारी फटफटी स्वाराला क्षणभर सुख देते. पण त्याच गल्लीत कोणी आजारी पडून असते, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असते. यंत्राची खरी प्रकृती त्याच्या ओढीत कळते, आणि स्वाराची त्याने राखलेल्या शांततेत.