कुंडीतील मुंग्या : न मारता करावयाचे उपाय

आपल्या अनेक घरांतून आजही झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांसाठी चिमूटभर पीठ-साखर टाकली जाते. त्याच घराच्या गच्चीवर मोगऱ्याच्या कुंडीत मुंग्यांनी घर केले, की मात्र कीटकनाशक भुकटीची पुडी उघडली जाते. हा विरोध दुष्टपणातून येत नाही. दुसरा मार्ग ठाऊक नसतो, म्हणून येतो. अहमदपूरसारख्या गावात अंगणे आक्रसली आणि बाग गच्चीवरील कुंड्यांत आली, तेव्हापासून हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो.

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आपण ऐकत आलो आहोत. त्यांतील संकल्पी हिंसा श्रावकाला वर्ज्य आहे. झाडाला पाणी घालताना नकळत होते ती आरंभी. मुंग्या मराव्यात म्हणून टाकलेली भुकटी मात्र संकल्पीच. येथे ‘घरगुती’ किंवा ‘सेंद्रिय’ या शब्दांनी फसू नये. साखरेत कालवलेली बोरिक पावडर, उकळते पाणी, कुंडी बादलीत बुडवून ठेवणे, हे सारे मारण्याचेच प्रकार आहेत. बाजारातील मुंग्यांचा खडू केवळ रेघ ओढतो असे वाटते. प्रत्यक्षात तोही विषारी कीटकनाशक आहे.

मग करावे काय? आधी मुंगी कुंडीत का आली ते पाहावे. तिला हवी असते कोरडी, भुसभुशीत जागा. आपली काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि आत भेगा पडतात. मुंग्यांना आयतेच दालन मिळते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा प्रदेशात झाडांना पाणी बेतानेच मिळणार. म्हणून कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. तिच्यात शेणखत आणि नारळाचा भुसा मिसळावा, वर वाळल्या पानांचे आच्छादन द्यावे. थोड्या पाण्यातही ओल टिकते आणि ओल्या मातीत मुंगी सहसा घर करीत नाही.

दुसरे आमंत्रण आपणच देतो. गुलाबाला चहाचा चोथा चांगला, असे म्हणून साखरेसकट चोथा कुंडीत रिता केला जातो! तो आधी धुऊन घ्यावा.

तिसरे कारण पानांमागे दडलेले असते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा पडला, की त्या किडी गोड, चिकट स्राव सोडतात. मुंग्या त्यासाठी खोडावर चढतात आणि त्या बदल्यात किडींचे ढालकिड्यांपासून रक्षण करतात. मुंग्यांची रांग मातीत न शिरता शेंड्याकडे जात असेल, तर रोग झाडावर आहे, मुंगीत नाही. युरिया फार दिला की पालवी लुसलुशीत होते आणि तिच्यावर या किडी वाढतात. तेव्हा युरिया बंद करावा, झाड उन्हा-वाऱ्यात ठेवावे. कीड लागलेला शेंडा कापावा लागलाच, तर तो जाळू नये, दूर सावलीत नेऊन ठेवावा. आणि चार मुंग्या नुसत्या ये-जा करीत असतील, तर काहीच करू नये.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्रींद्रिय जीवाचे उदाहरण म्हणून पिपीलिकेचेच नाव आहे. तिचे तिसरे इंद्रिय घ्राण. आजचे कीटकशास्त्र मुंगीला डोळेही असल्याचे सांगते, पण तिची रांग मुख्यत्वे गंधाच्या रेघेवर चालते, हे तेही मानते. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर रांग नसते. त्या वेळी कठड्यावरील तिची वाट लिंबाच्या पाण्याने पुसून घ्यावी. हळद-दालचिनीचा गंध पाणी घातले की धुऊन जातो; त्यावर फार विसंबू नये.

कुंडीत घर झालेच असेल, तर त्यांना दुसरे घर द्यावे. शेजारी एका फुटक्या मडक्यात कोरडी, सैल माती भरून ते झाकावे आणि दोन्हींमध्ये काडीचा पूल ठेवावा. मग झाडाच्या कुंडीला रोज थोडे थोडे पाणी द्यावे, एकदम ओतू नये. माती ओलावत गेली की मुंग्या आपली पांढरी अंडी-कोष तोंडात धरून कोरड्या मडक्याकडे निघतात. यास काही दिवस लागतात. दुकानाच्या घाईत असलेल्या माणसाला ते जड जाईल, पण घाई केली तर अंडी मागे राहतात. ये-जा थांबल्यावर मडके अलगद उचलून बांधावर किंवा झाडाखाली ठेवावे.

ही कामे आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसण्यापूर्वी उरकावीत. पावसाळ्यात जमिनीतील बिळांत पाणी शिरते आणि मुंग्या उंच, कोरडी जागा शोधू लागतात. त्या काळात माती उकरणे टाळलेलेच बरे. कुंडी भरताना तळाच्या छिद्रावर खापरी व तिच्यावर बारीक जाळी ठेवावी. कुंड्या भिंतीला न टेकवता विटांवर ठेवाव्यात. पूर्वी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, तसे कुंडीच्या तिवईलाही करता येते. मात्र त्या पाण्यात मुंग्या बुडतात आणि डासही होतात, म्हणून विटाच बऱ्या.