तीन नौदलं, एक वेळ

नौदलाच्या संदेश विभागात 15 वर्षं काढून मी चेन्नईत स्थायिक झालो. जुलै 2017 मध्ये भारत, अमेरिका आणि जपान यांचा ‘मलबार’ सराव इथेच झाला. ‘विक्रमादित्य’, ‘निमित्झ’ आणि ‘इझुमो’ अशा बड्या नौका त्यात होत्या. पुण्याहून आलेल्या भाच्याने विचारलं, “मामा, या सगळ्यांना हुकूम कोण देतं?”

कुणी एक नाही. भारतीय जहाजावरची अंतिम हुकमत दिल्लीचीच राहते, जपानी जहाजावरची टोकियोची. दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याकडे सोपवलं जातं ते फक्त ठरावीक कामापुरतं, ठरलेल्या वेळेपुरतं: पाणबुडी शोधताना कोणतं जहाज कुठे उभं राहील, एवढंच. हत्यार कधी उचलायचं, याचे नियम ज्याचे त्याचे. मला हे योग्यच वाटतं; आपला खलाशी परक्या सरकारच्या निर्णयावर मरणाच्या दारात जाता कामा नये.

खरी कसोटी लागते ती बिनतारी संदेशावर. चेन्नईत सकाळचे साडेअकरा, तेव्हा टोकियोत दुपारचे तीन. म्हणून सगळे ग्रीनिचची वेळ धरतात, तिला ‘झुलू’ म्हणतात: 0600. प्रत्येक आकडा सुटा उच्चारायचा, ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा. हेडफोनखाली कान ठणकायचे, तरी हे चुकवायचं नाही. एक अंक चुकला की जहाज भलतीकडे वळतं.

अमेरिकेची सुरक्षित संदेशयंत्रणा भारताला मिळण्याचा मार्ग खुला करणारा ‘कॉमकासा’ करार झाला तो सप्टेंबर 2018 मध्ये, चेन्नईच्या सरावानंतर 14 महिन्यांनी.